‘चालेल’ म्हणजे ‘आवडेल’ नव्हे

“मॅडम, तिथे सगळं आहे, तरी बाबा गप्प गप्प का?” वृद्धाश्रमात आई-वडिलांना ठेवलेली मुलं हेच विचारत येतात.

हा मुलगाही तेच विचारत होता. वडील ७८ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात येऊन पाच महिने झालेले. तिथल्या वहीत नोंद होती, ‘सकाळचा चहा घेत नाहीत. हट्टी.’

पहिल्या भेटींत काका एकाच शब्दावर अडून होते.

“जेवण कसं असतं?”

“चालतं.”

“खोली बदलून हवी का?”

“हीच चालेल.”

या शब्दाने मी सावध होते. समोरच्याला आपला त्रास नको म्हणून माणूस ‘चालेल’ म्हणतो, आणि आपण ती त्याची आवड समजतो. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांची कायमची देखभाल करणाऱ्या तिथल्या संस्थांत, २०१० पासून राहणाऱ्यांना ठरावीक प्रश्न विचारतात: कपडे स्वतः निवडणं, झोपायची वेळ स्वतः ठरवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? उत्तरांत एक पर्याय असतो, ‘महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा माझ्या हातात नाही’. काकांचं ‘चालेल’ नेमकं तेच सांगत होतं.

चौथ्या भेटीत मी आवडीनिवडी विचारायचं सोडलं. माणसाच्या जगण्यातून त्याच्यापर्यंत जावं, ही माझी जुनी श्रद्धा.

“काका, ड्यूटीच्या दिवशी सकाळ कशी असायची?”

ते सरळ होऊन बसले. “साडेपाचची गाडी. चारला उठायचं, आंघोळ, देवाला हात जोडायचे, मग चहा. पारोशा अंगानं स्टेअरिंगला हात लावला नाही कधी.” थोडं थांबून म्हणाले, “इथं चहा साडेसहाला. आंघोळीचा नंबर दहाला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“एकट्यासाठी कुणाची झोप मोडायची?”

पाच महिने ज्याला हट्ट म्हटलं, तो त्यांचा उभ्या आयुष्याचा नेम होता. इतक्या वर्षांच्या कामात असा क्षण आला की अजूनही माझा गळा दाटतो.

म्हणून मुलांना सांगते, प्रवेशाच्या फॉर्मसोबत आई-बाबांचा एक पूर्ण दिवस कागदावर लिहून द्या. उठल्यावर आधी काय? चहा कपात की बशीत? आंघोळ बादलीने की शॉवरने? रात्री दिवा चालू लागतो का? पेपर आधी कुणाच्या हातात? मात्र हा कागद त्यांना विचारूनच लिहा. “आईला गोड आवडतं” हे तुम्हाला वीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आज तिला काय हवंय ते वेगळं असू शकतं, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा विचारा. स्मृतिभ्रंश असेल तर चेहरा आणि हात बघा. ताट दूर सारणारा हातही काही सांगत असतो. आणि आई समोर बसलेली असताना तिच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका, एवढं तरी पाळाच.

काकांसाठी खर्च काहीच आला नाही. रात्रपाळीचे मामा घरी जायच्या आधी, पहाटे साडेपाचला, गरम पाण्याची बादली ठेवू लागले. चहा सुरू झाला. परवा गेले, तर काकांनी मला दारातच अडवलं.

“तेवढं साखर कमी टाकायला सांगा त्यांना. पाक करून देतात नुसता!”