वाचकांचे प्रश्न : तिकीट, खुर्ची आणि शेवटची गाडी

मोठ्या शहरातल्या नाट्यगृहात किंवा कॉन्सर्ट हॉलमध्ये संध्याकाळ घालवण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न.

प्रश्न : परदेशप्रवासात एक बॅले आणि एक सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल पाहायची आहे. बुकिंगच्या नकाशावर पाच-सहा रंग आणि तितकेच दर दिसतात. सगळ्यांत महाग खुर्ची घेतली की काम झालं, असं समजायचं का?

नाही. दर प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतो: रंगमंच किती जवळ आहे आणि खुर्ची मधोमध आहे की कडेला. कार्यक्रम बदलला की चांगली जागाही बदलते, हे त्या रंगांत सहसा उमटत नाही.

बॅलेला पहिल्या बाल्कनीच्या पुढच्या दोन-तीन रांगा घ्या, मधोमध. नर्तिकांचा मोठा ताफा एकत्र नाचतो तेव्हा रांगा, वर्तुळं आणि तिरक्या रेषांची नक्षी वरूनच कळते. ‘स्वान लेक’मधल्या हंसिणी तळमजल्यावरून पाहिल्या तर पुढच्या चौघी दिसतात, बाकीच्या त्यांच्या आड. अगदी पहिल्या रांगांत तर रंगमंचाची कड डोळ्यांपर्यंत येते आणि नेमकी पावलंच कापली जातात. बॅलेला जाऊन पावलं दिसू नयेत आणि त्यासाठी वर चढा दर मोजावा, हे काही खरं नाही.

ऑर्केस्ट्राची गोष्ट कानाची. पुढच्या रांगांत समोरची व्हायोलिन्स आणि चेलो तेवढे अंगावर येतात, मागची फुंकवाद्यं दिसतही नाहीत. तळमजल्यावर आवाज खुर्च्यांच्या पाठी आणि लोकांची डोकी घासत मागे येतो. त्या वाटेत खालच्या स्वरांचा काही भाग, साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचा, गळतो. बाल्कनीत तो वरून मोकळा पोचतो. त्यामुळे सर्वांत भरीव आवाज पुष्कळदा वरच्या मजल्यावरच्या, मधल्या दराच्या खुर्च्यांत मिळतो. व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन (१८७०) किंवा बॉस्टनचा सिंफनी हॉल (१९००) हे बुटाच्या खोक्यासारखे अरुंद, लांब आणि उंच आहेत. तिथे बाजूच्या भिंतींवरून आवाज लगेच परतून कानाशी येतो, म्हणून मागे बसलं तरी फारसं बिघडत नाही.

टाळायची ती जागा म्हणजे बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगा. थेट आवाज तिथे येतो, पण छतावरून आणि वरच्या पोकळीतून परतणारा निनाद पोचत नाही. संगीत दुसऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. ओळखायचं कसं? ‘या खुर्चीवरून दिसणारं दृश्य’ असा फोटो संकेतस्थळावर असेल तर तो उघडा. त्यात सभागृहाचं मुख्य छत दिसत नसेल, तर त्या छताचा आवाजही तुमच्यापर्यंत येणार नाही.

काही कॉन्सर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्राच्या मागेही खुर्च्या असतात. बर्लिनच्या फिलहार्मोनीत १९६३ पासून श्रोते चहूबाजूंनीच बसतात. मागे बसलं की कंडक्टरचा, म्हणजे हातांच्या खुणांनी वादकांना चालवणाऱ्याचा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतात, हा आनंद वेगळाच. पण टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, जवळ येतात, आणि हॉर्नची तोंडं मागे वळलेली असल्याने तेही तुमच्याच दिशेने वाजतात. सिंफनीला ही जागा खुशाल घ्या. गायक असेल तर मात्र नको, तो सगळा वेळ तुमच्याकडे पाठ करून गातो.

पियानोवादन असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताची जागा घ्यावी असं सगळे सांगतात, कारण तिथून बोटं दिसतात. पियानोचं उघडं झाकण मात्र आवाज उजवीकडे फेकतं. बघायचं की ऐकायचं, ते तुम्ही ठरवा. उजवीकडच्या खुर्च्या उशिरापर्यंत शिल्लक असतात, एवढं सांगतो.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या एका संगीतिकेची दोन तिकिटं काढली. क्रमांक आले १२ आणि १४. मधला १३ कोणाचा? आणि ‘ऑर्केस्ट्रा’ असं छापलंय, म्हणजे वादकांच्या जवळ का?

१३ क्रमांकाचं माणूस सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं असेल. ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत साधारणपणे डावीकडच्या भागात विषम आकडे, उजवीकडे सम, आणि मधल्या पट्ट्यात १०१ पासून सलग आकडे असतात. तुमच्या खुर्च्या शेजारी-शेजारीच आहेत. फसगत होते ती १ आणि २ घेणाऱ्यांची: मध्ये अख्खा पट्टा येतो. शिवाय बाजूच्या भागात आकडा जितका मोठा तितकी खुर्ची भिंतीकडे, हे १२ आणि १४ घेताना लक्षात ठेवायला हवं होतं.

‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे अमेरिकेत तळमजला. त्यावर मेझनीन, मग बाल्कनी. लंडनमध्ये तळमजल्याला स्टॉल्स म्हणतात, वर ड्रेस सर्कल, त्यावर अपर सर्कल. शेवटचा मजला कुठेही असो, पायऱ्या उभ्या चढणीच्या आणि पाय ठेवायला जागा कमी. उंचीची भीती असणाऱ्यांनी तिथली पहिली रांग घेऊ नये. समोरचा कठडा गुडघ्याएवढाच असतो, आणि त्यावर आडवी दांडी असली तर ती बरोबर नजरेच्या रेषेत येते.

प्रश्न : कार्यक्रम साडेसातचा, परतीची शेवटची गाडी पावणेबाराची. जमेल ना?

कार्यक्रम कोणता ते लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. संकेतस्थळावर कालावधी बघा, आणि त्यात मध्यंतर धरलंय का तेही बघा. समजा, मध्यंतरासह दोन तास चाळीस मिनिटं लिहिलंय. पडदा पाच-दहा मिनिटं उशिरा उघडतो, म्हणजे ७.४०. संपायला १०.२०. टाळ्या आणि अभिवादन दहा मिनिटं, १०.३०. कोट ठेवला असेल तर क्लोकरूमची रांग पंधरा मिनिटं, १०.४५. दारातल्या गर्दीतून बाहेर पडून स्टेशन गाठेपर्यंत अकरा. पाऊण तास हाताशी राहतो. हेच गणित चार तासांच्या ऑपेराला लावलंत तर पडदा पडतानाच ११.४० होतात. गाडी गेली म्हणून समजा.

वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरांबाबत तर खास चौकशी करा. ‘गॉटरडॅमरुंग’चं संगीतच साडेचार तासांच्या आसपास जातं, मध्यंतरं वेगळी. म्हणून त्याचा प्रयोग बहुतेक ठिकाणी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर सुरू होतो, आणि तिकिटावरची वेळ न वाचता सवयीने साडेसातला पोचणारे लोक पहिला अंक घालवून बसतात. उलट ‘दास राइनगोल्ड’ अडीच तासांचं, पण सलग, मध्यंतराशिवाय. बेथोव्हेनची नववी सिंफनीही जेमतेम सत्तर मिनिटांची आहे, आणि तेवढाच कार्यक्रम असेल तर मध्यंतर बहुधा नसतंच.

मध्यंतर नसलेल्या कार्यक्रमाला उशीर करणं फार महागात पडतं. तिसरी घंटा झाली की दारं बंद. मैफलीत पहिली रचना संपल्यावर आत सोडतात, ऑपेरात आणि बॅलेत पुष्कळदा मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवतात. मध्यंतरच नसेल तर आत सोडायची वेळ येतच नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

जेवण आधी करणार असाल तर टेबल पडद्याच्या वेळेच्या दोन तास आधीचं घ्या आणि पडद्याची वेळ टेबल राखतानाच सांगा, बिल मागताना नाही. नाट्यगृहात अर्धा तास आधी पोचा. बॅगा तपासायला वेळ जातो, आणि मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि स्वच्छतागृहाची रांग, विशेषतः बायकांची, त्यातली पंधरा खाते. दिवे लागताच उठा आणि गर्दी ज्या मजल्याकडे धावते तो सोडून दुसरा गाठा. पुष्कळ ठिकाणी मध्यंतरातलं पेय आधीच सांगून, पैसे भरून ठेवता येतं. ही सोय असेल तर जरूर वापरावी.

प्रश्न : इटालियन येत नाही. ऑपेरा कळेल का?

कळेल. १९८३ मध्ये टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि आता मोठ्या ऑपेरागृहांत ती सर्रास सोय आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९९५ पासून प्रत्येकाच्या पुढ्यात भाषांतर दाखवणारा छोटा स्क्रीन आहे. ओळी वर दाखवत असतील तर पुन्हा खुर्चीचा प्रश्न येतो: बाल्कनीखालच्या मागच्या रांगांतून वरची पट्टी कापली जाते, आणि पहिल्या रांगांत सारखी मान वर करावी लागते. कथानक आधी वाचून जा. रहस्य फुटेल ही भीती ऑपेरात बाळगू नका, तिथे कोण मरणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

वर बसणार असाल तर तीन पटींची ऑपेरा-दुर्बीण पुरते. पक्षी बघायची आठ पटींची आणलीत तर चित्र हातात थरथरतं, आणि गायक चार पावलं सरकला की त्याला शोधत बसावं लागतं.

प्रश्न : टाळ्या कधी वाजवायच्या?

सिंफनीत दोन भागांच्या मधल्या थांब्यात नाही, सगळ्यात शेवटी. मोजत बसू नका, कंडक्टरचे हात खाली येऊन तो वळेपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की जाणकारांचेही हात उठतात. खरा शेवट त्यानंतरच्या संथ चौथ्या भागात आहे. ऑपेरात गाणं संपल्यावर दाद देतात, बॅलेत अवघड गिरकीनंतरही.

प्रश्न : फोन सायलेंट केला की पुरे ना?

पुरे नाही. आयफोन सायलेंट असला तरी त्यात लावलेला गजर वाजतो. औषधाचा गजर असेल तर आधी काढा. स्मार्ट घड्याळ मनगट हललं की उजळतं, आणि अंधारात मागच्या तीन रांगांना ते दिसतं. त्यात थिएटर मोड असतो, तो लावा. सर्वांत सोपं म्हणजे फोन पूर्ण बंद करणं. खोकल्याच्या गोळीचा कागदही घरीच काढून ठेवा. हळू उघडला तर तो जास्त वेळ वाजतो.

प्रश्न : वडिलांना कानाचं यंत्र आहे आणि गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?

अवश्य न्या, पण त्यांचं तिकीट ऑनलाइन न काढता फोनवर काढा. तीन गोष्टी विचारा. रस्त्यापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती? जुन्या इमारतींत लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जातेच असं नाही, आणि लिफ्टनंतरही आतल्या पायऱ्या उरतात. हिअरिंग लूप आहे का, आणि कोणत्या रांगांत? यंत्रात ‘टी’ सेटिंग असेल तर ते लावल्यावर आवाज थेट यंत्रात येतो, पण लूप सभागृहभर असतोच असं नाही. नसेल तर हेडफोन मिळतात, ते घ्यायला ओळखपत्र ठेवावं लागू शकतं. तिसरं, चाकाच्या खुर्चीच्या जागेशेजारी सोबत्याची जागा मिळते का? गुडघ्यांसाठी कडेची खुर्ची घ्या. मात्र रांगेतल्या प्रत्येकाला वाट देण्यासाठी त्यांनाच उठावं लागेल, तेव्हा सगळे बसल्यावर आत नेलेलं बरं.

प्रश्न : सगळी तिकिटं संपली आहेत. दुसऱ्या संकेतस्थळावर तिप्पट दराने दिसतात. घ्यावीत का?

आधी नाट्यगृहाचं स्वतःचं पान रोज बघा. परत आलेली आणि पाहुण्यांसाठी राखून न लागलेली तिकिटं तिथे अधूनमधून सुटतात, बरीचशी शेवटच्या दोन दिवसांत. मग प्रयोगाच्या तास-दीड तास आधी तिकीट खिडकी. दोघं असाल तर वेगवेगळ्या खुर्च्यांची तयारी ठेवा, एकेकटी जागाच जास्त उरते. तिऱ्हाइताकडून घेतलंच तर स्क्रीनशॉट स्वीकारू नका. काही तिकिटांवरचा कोड दर काही सेकंदांनी बदलतो आणि स्क्रीनशॉट दारात चालत नाही. तिकीट त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आलेलं दिसल्यावरच पैसे द्या, आणि घरून निघण्यापूर्वी ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, कारण दारातल्या गर्दीत नेटवर्क गचके खातं.