मारुतीचं जोतं, शंभर मीटर

वाचक विचारतात : माती आणि पाणी

प्रश्न : माझे वडील कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागात अभियंता होते. 1973 साली दुष्काळी कामांवर लागले, 2006 साली निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी गेले. जवळजवळ सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात झाली : करमाळा, बार्शी, मंगळवेढा. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं आम्हा भावंडांच्या मनात आहे. घरी ते फार बोलत नसत. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे, शनिवारी रात्री यायचे. आले की आमच्या वह्या तपासायचे, आईबरोबर बाजार करायचे. कामाबद्दल मात्र अवाक्षर नाही. आता ट्रंकेत त्यांच्या वह्या सापडल्या. प्रत्येक गावाच्या पानावर पहिली ओळ एकच : ‘मारुती देऊळ, जोते, 100.000’. वडील स्वतःहून देवळात गेल्याचं आम्हाला आठवत नाही. आई म्हणते, काहीतरी नवस असेल. पुढे नुसते आकडे, कित्येक खोडलेले, आणि मधेच ‘चिंगीला कंपास’, ‘हिचा चष्मा, शनिवारी’. तर एक, हे काय आहे? दोन, ते नेहमी म्हणायचे, “काळ्या रानात पाणी अडवायचं नसतं, चालवायचं असतं.” आयुष्यभर पाणी अडवणारा माणूस असं का म्हणेल? तीन, करमाळ्याकडच्या एका गावात त्यांनी बांधलेला मातीचा नाला बांध अजून आहे. त्यावर त्यांच्या नावानं वडाचं झाड लावून फलक बसवायचा विचार आहे. कुणाची परवानगी लागेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नवस नाही. आईंना सांगा, निश्चिंत राहा.

मीही याच खात्यात जन्म काढला, म्हणून ती ओळ वाचल्यावर हसू आलं. सर्वेक्षण सुरू करताना एक पक्का, न हलणारा बिंदू लागतो. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची आणायची तर लांबून मोजत यावं लागतं, आणि एका नाला बांधासाठी तेवढं कुणी करत नाही. मग गावातली एक जागा धरायची आणि तिची उंची शंभर मीटर मानायची. तिला आम्ही टी.बी.एम., म्हणजे टेम्पररी बेंचमार्क, म्हणतो. झाड तुटतं, मैलाचा दगड कुणीतरी गोठ्याला नेतो, शाळेचा ओटा दुरुस्तीत बदलतो. मारुतीच्या देवळाच्या जोत्याला मात्र कुणी हात लावत नाही. दहा वर्षांनी परत आलात तरी तो दगड तिथेच असतो. म्हणून आमच्या पिढीतल्या नास्तिकांचीसुद्धा निम्मी वही मारुतीच्या नावानं भरलेली असते.

पुढचे आकडे असे वाचा. डंपी लेव्हल, म्हणजे तिपाईवरची सपाट रोखलेली दुर्बीण, मांडली, जोत्यावर खलाश्यानं, म्हणजे मोजणीच्या मदतनीसानं, आकड्यांची पट्टी उभी धरली, दुर्बिणीतून 1.250 दिसलं. म्हणजे दुर्बिणीची उंची 101.250. तीच पट्टी नाल्याच्या तळाशी धरली, 3.900 दिसलं, म्हणजे तळ 97.350. वहीतले बी.एस. (माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन), एफ.एस. (नव्या बिंदूवरचं वाचन), आर.एल. (निघालेली उंची) हे रकाने एवढंच सांगतात. ही वजाबाकी पानोपानी चालते आणि तिच्यावरून बांध किती उंच, पाणी कुठवर फुगेल, कुणाच्या किती गुंठ्यात शिरेल, हे ठरतं.

खोडलेल्या आकड्यांवरून वडील धांदरट होते असं पुस्तिकेत लिहू नका. रबर वापरायचा नाही, चुकलेला आकडा एका रेघेनं खोडून वर नवा लिहायचा, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते तपासणाऱ्याला दिसतं, असा दंडक होता. ज्याच्या वहीत एकही खोड नाही त्याचीच वही साहेब संशयानं बघायचे. तुमच्याकडे आहे ती वडिलांची कच्ची वही असणार. सरकारी लेव्हल बुक कार्यालयात जमा होतं, आणि त्यात चिंगीचा कंपास लिहायची कुणाची छाती नव्हती.

त्या कंपासचं पान पुस्तिकेत जसंच्या तसं छापा. माझा आग्रह समजा. शेजारची तारीख बघा आणि आईंना विचारा, चष्मा खरंच त्या शनिवारी आला का. मला वाटतं, आला असेल. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खड्डा मोजल्याशिवाय मजुरीचा आकडा निघत नसे. खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खणता राखायचा, त्याच्यावरून खोली मोजायची, ब्रास (शंभर घनफुटांचं माप) काढायचे. अभियंत्यानं मोजायला एक दिवस उशीर केला तर बाजाराच्या दिवशी बाईच्या हातात पैसे नसत. अशा कामातून वेळेवर सुटून ज्यांनी घरचा शनिवार पाळला, त्यांनी तो आठवडाभर उन्हात धावून कमावलेला असतो. आणि बाकीचे दिवस घर कुणी चालवलं, तेही पुस्तिकेत येऊ द्या. आमच्या खात्यातल्या बायकांवर कुणी दोन ओळी लिहीत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. हलक्या आणि मध्यम जमिनीत, कमी पावसाच्या भागात, समपातळीत बांध घातला की पाणी थांबतं आणि मुरतं. हेच मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात केलं की फजिती होते. काळी माती भिजली की फुगते, पाणी खाली जाऊ देत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला दहा-दहा दिवस डबकं साचतं, पीक पिवळं पडतं आणि शेतकरी रात्री जाऊन बांध फोडतो. का फोडणार नाही? उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बांधालाही पडतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्या भेगांतून शिरून बांध आतून पोखरतं. म्हणून काळ्यात बांधाला किंचित ढाळ द्यायचा, शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर. पाणी माती न उचलता सावकाश नाल्याकडे जातं आणि खाली नाला बांधात अडतं. तुमच्या वडिलांचं ‘चालवायचं’ ते हे. शिवाय तिकडे ज्वारी रब्बीची. भर पावसाळ्यात रान उघडं असतं आणि माती तेव्हाच वाहते. देशातली मातीची धूप सरासरी हेक्टरी सोळा टनांच्या आसपास मोजली गेली आहे. म्हणजे सगळ्या रानावरून वर्षाला मिलिमीटरभर थर. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही.

1983 साली सर्वंकष पाणलोट कार्यक्रम आला, कामं सुट्या शेतांऐवजी माथ्यापासून पायथ्यापर्यंत व्हायला लागली. 1992 मध्ये सुधाकरराव नाईकांच्या काळात जलसंधारणाचं वेगळं खातं झालं. वडिलांच्या वह्यांत या सालांपुढची पानं वेगळी दिसतील. डोंगरावरचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, आधी, नाला शेवटी.

आता वड. लावा, पण बांधावर नको. वडिलांनीच हाकललं असतं. मोठ्या झाडाची मुळं मातीच्या बांधात घुसतात, पुढे कुजली की तिथे पोकळ्या राहतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. बांधाच्या उतारावर हराळीच हवी. वड काठापासून लांब, गायरानात किंवा शाळेच्या आवारात लावा आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालणारा माणूस आधी ठरवा.

फलकाचे पैसे सांडव्यावर खर्च केलेत तर मला जास्त आवडेल. सांडवा म्हणजे जादा पाणी जायची बाजूची वाट. तिथे बाभळी माजतात आणि पाणी जास्त साठावं म्हणून काही हौशी मंडळी दगड रचून सांडव्याची उंची वाढवतात. मग एखाद्या मोठ्या पावसात पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं, आणि माथ्यावरून पाणी गेलेला मातीचा बांध टिकत नाही. गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, एक टोक सांडव्यावर आणि एक बांधाच्या माथ्याशी धरा. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, अंगठा तोंडावर राहिला तर खोटी पातळी दिसते. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत राहतं. त्या पातळीपासून दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत मोजा, सांडवा किती खाली आहे ते कळेल. फरक वीतभर उरला असेल तर रचलेले दगड आधी काढायला लावा.

परवानगीसाठी आधी ग्रामपंचायतीत जा, मग तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात. गाळ साचला असेल तर 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेबद्दलही तिथेच विचारा. गाळ काढताना मूळ तळाच्या खाली खणू देऊ नका आणि बांधाच्या पायथ्याजवळ यंत्र नेऊ देऊ नका. सगळं एप्रिलात उरका. जूनमध्ये गेलात तर काळ्या चिखलात चपला ठेवून अनवाणी परत याल.