ईस्टरच्या फलकावर ‘पुनर्जन्म’ का नको?

प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती संस्थेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ईस्टरनिमित्त फलक लिहायचा आहे. वर्गात सगळ्या धर्मांची मुले आहेत. मसुद्यात ‘येशूचा पुनर्जन्म झाला तो दिवस म्हणजे ईस्टर’ असे वाक्य आहे. कुणी त्याऐवजी ‘पुनरुज्जीवन’ सुचवले, कुणी ‘येशू जी उठला’. यातले बरोबर कुठले? आणि ‘ईस्टर’ला धड मराठी शब्द आहे की नाही?

तिन्ही नकोत. नाम हवे असेल तर ‘पुनरुत्थान’ आणि क्रियापद हवे असेल तर साधे ‘उठला’.

‘पुनर्जन्म’ सर्वांत जास्त घोटाळा करतो, कारण तो शब्द मराठी मुलाला आधीच माहीत असतो. पुनर्जन्म म्हटले की जुना देह गेला, नवा मिळाला. आई नवी, नाव नवे, मागचे काही आठवत नाही. ईस्टरची श्रद्धा नेमकी याच्या उलट आहे. देह तोच. शुभवर्तमानातला (म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) येशू शिष्यांना हातापायांवरच्या खुणा दाखवतो, भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो, शंका घेणाऱ्या थोमाला कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो. कबर रिकामी असणे हा त्या कथेचा कणाच आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेत जुना देह कुठे आहे याला काही महत्त्व नसते. इथे सगळे त्यावरच अडलेले आहे. म्हणून फलकावर ‘पुनर्जन्म’ लिहिला की हिंदू मुलाला वाटते ‘अच्छा, आपल्यासारखेच’, आणि ख्रिस्ती मुलाला घरी-चर्चमध्ये शिकवलेले शाळेत खोडून निघते.

‘पुनरुज्जीवन’ इतके चुकीचे नाही, पण ते वस्तूंना आणि संस्थांना चिकटलेले आहे. बंद पडलेल्या वाचनालयाचे, आटलेल्या ओढ्याचे, मागे पडलेल्या कलेचे पुनरुज्जीवन होते. शिवाय ख्रिस्ती परंपरेत एक फरक काटेकोरपणे सांभाळला जातो. लाजरस नावाच्या मेलेल्या मित्राला येशूने जिवंत केले. पण लाजरस पुढे म्हातारा होऊन पुन्हा मरणारच होता. ते ‘जिवंत करणे’. येशूचे पुनरुत्थान म्हणजे ज्यानंतर मरण नाही असे उठणे. दोहोंना एकच शब्द वापरला तर हा फरक बुडतो.

‘जी उठला’ हे हिंदीतल्या ‘जी उठा’चे कलम आहे, फिरत्या शुभेच्छाचित्रांतून आलेले. आजच्या मराठीत ‘जी’ हे जगणे या अर्थाचे क्रियापद चालत नाही. ‘पुनर्जीवित झाला’ हेही त्याच वाटेने आलेले.

आता ‘पुनरुत्थान’ उकलून पाहू. पुनर् अधिक उत्थान. उत्थान म्हणजे उत् (वर) आणि ‘स्था’ (उभे राहणे) या धातूवरून झालेले ‘स्थान’. जोडताना मधला ‘स्’ गळतो, त्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्रच दिले आहे. नव्या करारातला (बायबलच्या ख्रिस्ती भागातला) मूळ ग्रीक शब्द आहे ‘अनास्तासिस’. त्यात ‘अना’ म्हणजे वर, किंवा पुन्हा, आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे. हे ‘स्तासिस’ आणि आपले ‘स्था’ एकाच प्राचीन धातूची लेकरे. भाषांतराचा शब्द मुळाशी इतका अवयवागणिक जुळणे क्वचितच घडते. आणि गंमत अशी की आपले रोजचे ‘उठणे’ही संस्कृत उत् + स्था वरून प्राकृतातल्या ‘उट्ठइ’च्या वाटेने आले. म्हणजे जड ‘पुनरुत्थान’ आणि घरगुती ‘उठला’ ही एकाच शब्दाची दोन वळणे आहेत. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ‘तिसऱ्या दिवशी येशू मेलेल्यांतून उठला’ एवढे पुरे. त्यात काही उणे राहत नाही. नुसते ‘उठला’ मात्र लिहू नये, ‘झोपेतून उठला’ असे वाटते. ‘मेलेल्यांतून’ किंवा ‘मरणातून’ हवेच.

लेखनात चुका ठरलेल्या होतात. ‘रु’ ऱ्हस्व: उत्थानातला ‘उ’ ऱ्हस्व आहे, तो ‘र’ला मिळतो, दीर्घ व्हायला कारण नाही. अर्धा त आणि पूर्ण थ. दोन थ नव्हेत. शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘पुनरुत्थान झाले’, ‘झाला’ नाही. विशेषण ‘पुनरुत्थित’ (पुनरुत्थित ख्रिस्त). ‘पुनरुत्थानित’ असे काही नसते. रंगीत कागदाची अक्षरे कापून लावणार असाल तर ओळ तोडताना ‘पुनरुत्-’ वर एका ओळीत आणि ‘थान’ खाली असे करू नका, जोडाक्षर सुटे पडून वाचता येत नाही. पूर्ण शब्द एका ओळीत बसेल एवढाच आकार घ्यावा.

‘उठला’ की ‘उठले’? वर्तमानपत्री मराठीत ‘प्रभू येशू उठले’ दिसते. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची जुनी सवय एकेरीची आहे, जशी विठोबाला, रामाला. त्यात अनादर नाही. दोन्ही चालते, मात्र एकाच फलकावर ‘येशू उठला’ आणि खाली ‘त्यांनी शिष्यांना दर्शन दिले’ अशी सरमिसळ नको.

‘तिसऱ्या दिवशी’च्या जागी ‘तीन दिवसांनी’ लिहिले की हुशार मूल विचारणारच: शुक्रवार दुपारपासून रविवार पहाटेपर्यंत तीन दिवस कसे होतात? होत नाहीत. यहुदी मोजणीत सुरुवातीचा दिवसही धरतात: शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा, रविवार तिसरा. आपल्याकडे दहावा-तेरावा मोजतात तेव्हा मृत्यूचा दिवस पहिला धरतात, अगदी तसेच. म्हणून क्रमवाचक ‘तिसऱ्या’च हवा.

राहिला सणाच्या नावाचा प्रश्न. ‘ईस्टर’ हे नाव मुख्यतः इंग्रजी आणि जर्मन घराण्यातले. आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू बीड त्याचा संबंध ‘एओस्त्रे’ नावाच्या देवतेच्या महिन्याशी लावतो. त्या देवतेबद्दल तो एकटाच सांगतो. बाबिलोनच्या ‘इश्तार’शी जोडणारा जो संदेश दरवर्षी फिरतो, तो केवळ उच्चाराच्या साम्यावर उभा आहे. युरोपातल्या बहुतेक भाषांत नाव वेगळेच आहे, यहुद्यांच्या ‘पेसाह’ या सणाच्या हिब्रू नावावरून आलेले: ग्रीक-लॅटिन ‘पास्खा’, पोर्तुगीज ‘पास्कोआ’, आणि त्यावरून गोव्याच्या कोंकणीत ‘पास्कांचें फेस्त’. पोर्तुगीजांकडून आपण ‘नाताळ’ घेतला आणि तो साऱ्या महाराष्ट्राचा झाला; ‘पास्का’ मात्र कॅथलिकांच्या उपासनेपुरता राहिला, आणि बाकीच्या मराठीने इंग्रजी नाव उचलले.

या ‘पेसाह’ला मराठी बायबलात सुरेख शब्द आहे, ‘वल्हांडण’. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसर (इजिप्त) देशात ज्या घरांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावले होते ती घरे ओलांडून संहार पुढे गेला, त्या रात्रीचा हा सण. येशूचा क्रूसावरचा मृत्यू याच सणाच्या दिवसांतला, म्हणून ख्रिस्ती लोक त्याला वल्हांडणाचे कोकरू म्हणतात. पण फलकावर ईस्टरला ‘वल्हांडण’ म्हणू नये. तो यहुदी सण आहे आणि आजही पाळला जातो. ‘ईस्टर’ किंवा ‘पुनरुत्थानाचा सण’ लिहा. ‘ईस्टर’ पहिला ई दीर्घ.

शाळेसाठी शब्दांइतकेच वेळापत्रक सांभाळावे लागते. ‘गुड फ्रायडे’चे भाषांतर ‘शुभ शुक्रवार’ किंवा ‘उत्तम शुक्रवार’ असे होते. तिथला ‘गुड’ जुन्या अर्थाने ‘पवित्र’ आहे. ‘शुभ’ पाहून त्या दिवशी शुभेच्छा पाठवल्या जातात, आणि ख्रिस्ती घरांत तो उपवासाचा, शोकाचा दिवस असतो. शुभेच्छा रविवारपासून. दुसरी अडचण: कार्यक्रम सुट्टीआधी उरकायचा म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातच ‘आलेलुया’ची गाणी बसवली जातात. कॅथलिक उपासनेत ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत ‘आलेलुया’ म्हणतच नाहीत. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत तो परत येतो. (‘हालेलुया’ हा हिब्रूशी जास्त जवळचा उच्चार, ‘याहची (देवाची) स्तुती करा’ असा अर्थ, ‘ह’ ग्रीक-लॅटिनच्या वाटेत गळाला.) घाईचे कारणही नाही, कारण ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा, पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे 24 मेपर्यंत. सोमवारी शाळा उघडल्यावर केलेला कार्यक्रम उशिराचा ठरत नाही.

तारीख दरवर्षी तपासून घ्यावी. 21 मार्च किंवा त्यानंतरची चर्चच्या गणिताची पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही येतो. 2024 मध्ये होळीपाठोपाठ 31 मार्चला आला, 2025 मध्ये हनुमान जयंतीनंतर 20 एप्रिलला. गेल्या वर्षीचा फलक जपून ठेवला असेल तर आधी त्यावरची तारीख खोडा.

मसुदा असा करता येईल: ‘ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. क्रूसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, मरणातून उठला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. सर्वांना ईस्टरच्या शुभेच्छा.’ जागा उरली तर शेजारी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मेणबत्तीचे चित्र काढा: मधोमध क्रूस, वर ग्रीक अक्षर अल्फा, खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच कण. आकडे काढणाऱ्या मुलांना वर्ष आधी सांगून ठेवा.