काचेच्या दाराला मॅग्नेटिक लॉक, फिंगरप्रिंट मशीन आणि रिमोट: वायरिंग कसं करावं?

राजारामपुरीत ऑफिस, काचेचं दार, बाहेर फिंगरप्रिंट मशीन, आत बटण, आणि टेबलावरून रिमोटनंही दार उघडायला हवं, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात मी हीच कामं करतो, म्हणून सांगतो.

आधी एवढं ठरवा, लाइट गेल्यावर दारानं काय करायचं? मॅग्नेटिक लॉक करंट असेपर्यंतच धरतं, करंट तुटला की दार मोकळं. म्हणून ते मशीनमधल्या रिलेच्या, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, कॉम (सामायिक) आणि एनसी (एरवी जोडलेलं) टर्मिनलवर. बंगल्याच्या गेटला असतं ते कॉइलचं लॉक उलटं, क्षणभर करंट मिळाला की उघडतं. ते कॉम आणि एनओ (एरवी तुटलेलं) टर्मिनलवर. यात अदलाबदल झाली तर तुमचं दार दिवसभर सताड उघडं आणि बोट ठेवलं की बंद! हसू नका, नवी पोरं अजून करतात.

आता रिमोट. बरेच जण रिसीव्हरचा, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीचा, रिले लॉकच्या वायरमध्येच घुसडतात, मग त्यातच भिंतीचं बटण, आणि पुढं बिघाड शोधताना सगळा गुंता. त्यापेक्षा मशीनला एक्झिट बटणाची दोन टर्मिनल असतात, तिथं भिंतीचं बटण आणि रिसीव्हरचा कॉम-एनओ पॅरलल जोडा, म्हणजे दोन्ही त्याच दोन टर्मिनलवर. त्यांवर व्होल्टेज द्यायचं नाही, नुसता कॉन्टॅक्ट. दार किती सेकंद सोडायचं ते मशीन बघतं. रिसीव्हर मोमेंटरी मोडवर ठेवा, म्हणजे त्याचा रिले क्षणभरच जोडला जातो. लॅचवर (एकदा दाबलं की जोडलेलाच) राहिला तर बटण कुणीतरी दाबून धरल्यासारखं होतं.

पण यात दोन गोम आहेत. मशीन बाहेरच्या भिंतीवर असेल तर ते उचकटून त्याच दोन वायरी जुळवल्या की चोर आत. म्हणून कंट्रोलर (लॉक सोडणारा भाग) आत आणि बाहेर फक्त रीडर (बोट वाचणारा भाग), हे थोडं महाग पण बरं. दुसरी, मशीन हँग झालं तर आतलं बटणही मेलं. आग लागली तर माणसं काचेआड अडकतील. म्हणून लॉकच्या प्लसच्या वायरमध्ये, मशीनला न विचारता थेट करंट तोडणारं काच फोडायचं इमर्जन्सी बटण घालाच. यावर मी गिऱ्हाईकाशी घासाघीस करत नाही.

लॉकच्या दोन टर्मिनलांवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग), १एन४००७, पट्टी प्लसकडं. काही लॉकमध्ये तो आतच असतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये दार उघडलं की मशीन रीस्टार्ट व्हायचं. मी अॅडॉप्टर बदलला, दोन खेपा घातल्या, आणि निघालं काय, तर डायोड लावायला मीच विसरलो होतो. कॉइल सुटताना मारते तो झटका मशीनला बसत होता.

वायर १ चौरस मिमी तांब्याची घ्या. उरली म्हणून इंटरनेट केबलची एक जोडी लॉकला ओढू नका. असं लॉक साधारण अर्धा अँपिअर घेतं. २० मीटरवर त्या जोडीत दीडएक व्होल्ट गळतो आणि लॉकची पकड ढिली पडते. जाड वायरीत अर्धा व्होल्टही जात नाही.

पॉवर सप्लाय १२ व्होल्टचा, बॅटरीवाला घ्या. ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी लॉकला हिशोबानं १४ तास पुरते, मशीन धरून त्याहून कमी आणि जुनी झाली की निम्मीही नाही. ती संपली की दार उघडंच, तेव्हा रात्री जाताना शटर ओढून कुलूप लावा.