नवीन सुपरवायझरला: आधी सेटिंगचा वेळ बघ

मशीन शॉपवर सुपरवायझर झालास, अभिनंदन. आता प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरांच्या मागे लागू नकोस. खरा वेळ जातो तो मशीन बंद असताना. एक जॉब संपल्यापासून दुसऱ्याचा पहिला ओके पीस निघेपर्यंतचा वेळ म्हणजे सेटिंगचा वेळ. तेवढा वेळ घड्याळ लावून नुसतं बघत उभा राहा. जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, बदलायचेत, पण ॲलन की शेजारच्या मशीनवर. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टिप, स्टोअरमध्ये, आणि स्टोअरवाला जेवायला गेलेला. ड्रॉइंग ऑफिसात. यात ऑपरेटरचा काय दोष?

जपानच्या शिगेओ शिंगो या इंजिनिअरने यावरच काम केलं. सेटिंगची जी कामं मशीन चालू असताना होतात ती आधीच उरकायची, आणि मशीन थांबवून करायचं काम 10 मिनिटांच्या आत आणायचं. टूल, माप तपासायचे गेज, ड्रॉइंग एका ट्रॉलीवर लावून ठेव. पण ट्रॉलीवर काय हवं ते मशीनवरच्या माणसालाच विचार. त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि स्वतः सुचवलेली पद्धत तो मनापासून पाळतो.

चारचौघांत कुणाला झापू नकोस. एखाद्याचे पीस रिजेक्ट झाले तर त्याला बाजूला घेऊन बोल. कंत्राटी पोरांनाही नावाने हाक मार, हे फार महत्त्वाचं आहे. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो. तासांचा हिशेब महिनाअखेरीला स्वतः ताडून बघ. कुणाचे तास कमी लागले असतील तर ऑफिसात भांडायला तू जा, त्याला पाठवू नकोस.