वसंतातल्या आठवड्याचा अंदाज कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या विभागाचा येत्या सात दिवसांचा हवामान अंदाज मी दर सोमवारी पाहते. हिवाळ्यात तो बराचसा खरा ठरतो, पण वसंत लागला की शनिवार-रविवारी सांगितलेला पाऊस बुधवारपर्यंत एक-दोनदा तरी मागेपुढे होतो. हा अंदाज देणाऱ्यांचा हलगर्जीपणा म्हणायचा का?

उत्तर : हलगर्जीपणाचा दोष देता येणार नाही, मध्य अक्षांशांत, म्हणजे उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या मधल्या पट्ट्यात, वसंत हा ऋतूच अंदाजाला अवघड आहे. या दिवसांत सूर्य रोज थोडा अधिक वर येतो आणि जमीन भराभर तापू लागते, मात्र काही किलोमीटर उंचीवरच्या हवेत हिवाळ्याचा गारठा अजून शिल्लक असतो. खाली ऊबदार आणि वर थंड अशी मांडणी झाली की हवा जोराने वर चढते, दुपारपर्यंत उंच ढग तयार होतात आणि सरी, विजा, प्रसंगी गाराही पडतात. असा एखादा ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो आणि त्याचे आयुष्य बहुधा तासाभरात संपते. उलट साऱ्या पृथ्वीचे हवामान मांडणाऱ्या संगणकीय मॉडेलची एकेक चौकट साधारण १० ते २५ किलोमीटरची असल्यामुळे त्याला तो ढग स्वतंत्रपणे दिसतच नाही, त्याचा सरासरी परिणाम तेवढा धरता येतो. म्हणून शनिवारी दुपारी विभागात सरी येतील, हे सांगता येते. त्या आपल्याच गल्लीत येतील की पलीकडच्या टेकडीवर, हे त्या सकाळीसुद्धा ठामपणे सांगता येत नाही. हिवाळ्यातला पाऊस बहुतेक वेळा शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रणालीतून येतो आणि तिचा माग कित्येक दिवस आधीपासून काढता येतो.

दुसरे कारण उंचावरच्या वाऱ्यांचे आहे. वसंतात जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या प्रवाहाचा, जोर ओसरू लागतो, तिला मोठमोठी वळणे पडतात आणि कधी कधी कमी दाबाचे एखादे क्षेत्र मुख्य प्रवाहापासून तुटून दोन-चार दिवस एकाच जागी घुटमळत राहते. ते नेमके कधी आणि कुठे सरकेल, यावर पुढचा सगळा आठवडा अवलंबून असतो. त्यातच सुरुवातीच्या नोंदींमधली बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि पुढचे हवामान पार वेगळे निघाले. १९६३ मधील त्यांच्या प्रसिद्ध निबंधामागे हाच अनुभव होता. त्यामुळे आता एकाच गणितावर विसंबून न राहता सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून तेच गणित अनेकदा केले जाते. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचे युरोपीय केंद्र १९९२ पासून असे अंदाज देत आले आहे. त्यातली बहुतेक उत्तरे एकमेकांशी जुळली तर अंदाजावर भरवसा ठेवावा, फाकली तर हात राखून बेत आखावा.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस वेळेसकट वाचावेत, चौथा-पाचवा दिवस कल म्हणून पाहावा आणि शेवटच्या दोन दिवसांतून नेहमीपेक्षा ऊन अधिक की गारवा, कोरडे की ओले, एवढेच घ्यावे. सातव्या दिवसासाठी एकच आकडा आणि ढगाचे एकच चित्र छापणे मला तरी ग्राहकाला खूश करण्याचा प्रकार वाटतो.

प्रश्न : ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे ४० टक्के भागात पाऊस, की ४० टक्के वेळ पाऊस?

उत्तर : दोन्ही नाही. त्या विभागातल्या कोणत्याही एका ठिकाणी, दिलेल्या काळात, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता दहात चार आहे, असा त्याचा अर्थ. मोजता येण्याजोगा म्हणजे अगदी ०.२ मिलिमीटरसुद्धा, पाऊस जोराचा की रिमझिम, हे या टक्क्यांवरून कळत नाही. त्यासाठी आकड्याखालचा मजकूर वाचावा, जो बहुतेक जण वाचत नाहीत.

प्रश्न : किमान तापमान ३ अंश राहील असे सांगितले होते, तरी सकाळी कोवळी रोपे काळवंडलेली दिसली. पारा शून्याखाली गेलाच नाही, तर असे कसे झाले?

उत्तर : अंदाजातले तापमान जमिनीपासून साधारण १.२५ ते २ मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचे असते. निरभ्र आणि शांत रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात, लगतची हवा थंड व जड होऊन खालीच साचते आणि पानांचे तापमान त्या आकड्यापेक्षा काही अंशांनी खाली येते. ३ अंशांच्या रात्री पानावर हिमकण धरले, तर त्यात नवल नाही. ढग असले की पांघरूण घातल्यासारखे होते आणि वारा असला की वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहते. या दोन्ही रात्री धोका कमी असतो.

साप्ताहिक अंदाज पाहताना सगळ्यांची नजर पावसाच्या दिवसावर असते, पण रोपांना जपायचे ते पाऊस सरून गेल्यानंतरच्या रात्री. तेव्हा मागून थंड, कोरडी हवा आणि उच्च दाब येतो, आकाश मोकळे होते, वारा पडतो. दवबिंदू तापमान, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन धरू लागते ते, शून्याखाली दिले असेल तर अधिकच सावध राहावे, कारण हवा कोरडी असल्याने दव धरताना सुटणारी उष्णता पाऱ्याला लवकर थोपवत नाही. आच्छादन सूर्यास्तापूर्वी, जमिनीत ऊब असतानाच घालावे, त्याच्या कडा जमिनीला टेकवाव्यात, कापड पानांना चिकटू देऊ नये आणि सकाळी ऊन वर आल्यावर ते काढून घ्यावे.