लोखंडी चोळी कशासाठी?

प्रश्न : गेममध्ये एकच चिलखत पुरुष कॅरेक्टरला घातलं की मानेपासून पायापर्यंत झाकतं आणि बाईला घातलं की पोट उघडं, तरी डिफेन्सचा आकडा सेमच! असं का? आणि छातीला दोन वाट्या असलेलं चिलखत खरंच असायचं का?

उत्तर : आकडा कोडमध्ये असतो आणि कपडा आर्टवाल्यांकडे, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, म्हणून बिकिनी घालूनही ड्रॅगनची आग सोसते. बाकी कारण सरळ आहे, गिऱ्हाईक पुरुषच असं धरून पोस्टर बनवायचे.

वाट्यांचं म्हणाल तर ते धोक्याचंच, कारण खऱ्या छातीपत्र्याला मधे उंचवटा असायचा, म्हणजे भाल्याचं टोक बाजूला घसरतं, आणि वाट्या केल्या की तेच टोक घसरून मधल्या खाचेत, म्हणजे नेमकं छातीच्या हाडावर येणार. शिवाय आत जाड गादीसारखा अंगरखा असायचा, त्यामुळे वरून पुरुष की बाई कळायचंही नाही. फ्रान्सची योद्धा जोन ऑफ आर्क हिच्यासाठीही १४२९ मध्ये पूर्ण पोलादी चिलखत बनवलं होतं.

गेमवाल्यांना जमत नाही असंही नाही हं. १९८६ च्या मेट्रॉइड या गेममध्ये हिरोच्या सूटच्या आत बाई आहे हे शेवटी कळतं, तेही गेम लवकर संपवला तर. डार्क सोल्समध्ये तर बहुतेक जड चिलखतं दोघांना सारखीच दिसतात. तुमच्या गेममध्ये ट्रान्समॉग, म्हणजे एका चिलखताला दुसऱ्याचं रूप द्यायची सोय असेल तर आकडे तेच ठेवून दिसणं बदलता येईल, तेवढं बघा.